मोकळं टोक

टेंबे सरांच्या पत्राला मी कधी उत्तर दिलं नाही. पत्र साधंच होतं. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला गौरवग्रंथ निघणार होता आणि त्यात मी लिहावं अशी त्यांची इच्छा होती. अक्षर पूर्वीसारखंच, ड्रॉइंगच्या खाली टिपा लिहाव्यात तसं सुटं आणि सरळ. 'शनिवारच्या पेढ्यांची गंमत तूच लिहू जाणे. बाकीच्यांनी नुसती स्तुती केली आहे. मगदूमचा पत्ता असल्यास कळव, त्यालाही बोलावू. तो बोलायचा छान.'

मी कितीतरी वेळा कागद पुढे घेतला. एकदा लिहिलं ते स्तुतीसारखं झालं, एकदा तक्रारीसारखं. मला कधी कुठलं वाक्य पुरतं बरोबर वाटत नाही. शेवटी गौरवग्रंथ निघाला, सोहळा झाला, सर पुण्याला मुलाकडे राहायला गेले आणि पत्र माझ्या बेअरिंगच्या जुन्या कॅटलॉगात पडून राहिलं.

ज्या शनिवारची त्यांना गंमत वाटत होती, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही कारखान्याच्या फाटकाबाहेर चहा पीत होतो. भूपाल मगदूमनं खारी चहात बुडवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लगा, उद्या तू हर."

"म्हणजे?"

"म्हणजे हर. गप बस. तसाबी तू कुठं बोलतोस?"

आमचा कारखाना सांगलीजवळ होता. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधला धूर ओढून धुराड्यात ढकलणारे मोठे पंखे आम्ही बनवत असू. भूपाल आणि मी डिझाइन विभागात टेंबे सरांच्या हाताखाली सहायक होतो, एकाच वर्षी लागलेले. तो जयसिंगपूरचा, गडगडाटी हसणारा. गिऱ्हाइकाला पंखा विकायचा असो की स्टोअरमधून पेन्सिल काढायची असो, भूपालला पुढे करायचं. मी मागे राहून कॅटलॉग वाचायचो. कुठलं बेअरिंग किती भार घेतं, किती वेगाला तापतं, तेल चांगलं की ग्रीस, हे मला कादंबरीसारखं वाचावंसं वाटे. मला सापडायचं आणि तो बोलायचा, असं आमचं चाललं होतं.

त्या वर्षी कामं कमी होती. दोघांपैकी एकाला कमी करावं लागेल, असं सरांनी सोमवारी दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं. "कोणाला?" असं भूपालनं विचारलं, तर सर मंद हसले. "शनिवारी बघू."

शनिवारचा अर्थ आम्हाला माहीत होता. नव्या यंत्राचा एखादा वादाचा मुद्दा असला की सर शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम संपल्यावर सगळ्या ऑफिसला गोळा करायचे. एकाला एक पर्याय द्यायचे, दुसऱ्याला दुसरा. कोणता घ्यायचा ते आपल्या हातात नसे. दोघांनीही येताना पेढ्यांचा पुडा आणायचा. जिंकेल त्यानं आपला पुडा घरी न्यायचा, हरेल त्यानं स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाटायचा आणि प्रत्येकाला म्हणायचं, 'माझं चुकलं.' त्याआधी सर हरलेल्याच्या ड्रॉइंगचा कोपरा फाडायचे. त्या काळी कुणी गेल्याचं कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. तसं कार्ड हातात पडलं की वाचायच्या आधीच घरात रडं सुरू व्हायचं. सर कोपरा फाडून तो बोटांत धरून म्हणायचे, "हा पर्याय वारला." सगळे हसायचे. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर मीही हसलेलो आहे.

या वेळचा प्रश्न लहान होता. पंख्याचा शाफ्ट दोन बेअरिंगांवर फिरतो. बेअरिंग कुठलं, तेल की ग्रीस, हे ठरलेलं होतं. पाया खचला तरी सांभाळून घेणारी रोलर बेअरिंगं आणि तेल, यावर आमचं दोघांचंही एकमत होतं. राहिलं होतं ते एवढंच की, दोन्ही बेअरिंगं आपापल्या घरात घट्ट बांधायची, की एक बांधायचं आणि दुसरं किंचित सरकू द्यायचं. बांधायचं म्हणजे बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना लोखंडी रिंगा घालायच्या. सरकू द्यायचं तर त्या रिंगा घालायच्या नाहीत. सरांनी मला 'एक टोक मोकळं' दिलं होतं आणि भूपालला 'दोन्ही टोकं बांधलेली.'

बरोबर काय ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. ते सरांनाही ठाऊक होतं.

"आणि पंखा?" मी म्हणालो. "गरम धुरानं शाफ्ट वाढणार. दोन्ही टोकं बांधली तर त्यानं जायचं कुठं? बेअरिंग जळेल."

"ते मला ठाव न्हाई व्हय?" भूपालनं आवाज खाली आणला. "उद्या मला जिंकू दे. सोमवारी मी खरेदीच्या यादीतनं एका टोकाच्या दोन रिंगा काढून टाकतो. कुणाला पत्ता लागायचा न्हाई. पंखा तुझ्या मनासारखा, नोकरी माझी."

"आणि मी?"

"तुला काय, लगा! तू अन् तुझी आई. दोन पोळ्या कुठंबी मिळतील. पुस्तकं तर कुठंबी मिळतात." मग त्यानं उरलेला चहा मातीत ओतला आणि म्हणाला, "पद्माला सातवा चाललाय. आधीचं एक गेलं, तुला म्हाईत हाय. डॉक्टर म्हणतो, ह्या वेळी तिला कसला घोर लागू देऊ नका."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मला कळलं की त्यानं हो धरलं आहे.

शनिवारी आमची दोन ड्रॉइंगं भिंतीवर शेजारीशेजारी टाचलेली होती आणि खाली टेबलावर पेढ्यांचे दोन पुडे. ड्राफ्ट्समन, टायपिस्ट, स्टोअरकीपर, सगळे भिंतीकडेनं उभे. मधोमध उंच स्टुलावर टेंबे सर. पांढरा स्वच्छ शर्ट, तोंडात वेलदोडा. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. शिवी तर नाहीच. आवाज इतका मऊ की, ऐकायला सगळ्यांना थोडं पुढे वाकावं लागे.

"आज जरा जास्त महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "दोघांपैकी एक सोमवारी दिसणार नाही. तर नीट ऐका. वकीलसाहेब, सुरू करा."

भूपाल पुढे झाला.

"सर, त्या कारखान्याचा जुना पंखा आपण सगळ्यांनी बघितलाय. शाफ्ट इकडून तिकडं सरकायचा, पंखा आवरणाला घासायचा, आवाज पार गावात. त्यांच्या चीफ इंजिनिअरची एकच मागणी, ह्या वेळी हलायचं नाही. आता शाफ्ट म्हणजे कोण? नवा जावई! एका बाजूनं धरला आणि दुसरी बाजू सोडली, तर कधी कुठं जाईल नेम नाही. त्याला दोन्ही हात धरून पाटावर बसवावं लागतं!"

हशा झाला. सरही हसले. भूपालला चेव आला. त्यानं जुन्या पंख्याचा घासल्याचा आवाज तोंडानं काढून दाखवला, चीफ इंजिनिअरची नक्कल केली आणि मग गंभीर होऊन आकडे सांगितले. आकडे मीच महिन्यापूर्वी त्याला काढून दिलेले होते. त्यानं ते असे फिरवून मांडले की, क्षणभर मलाच वाटलं, दोन्ही टोकं बांधायला हवीत.

"वा," सर म्हणाले. "आता शास्त्रीबुवा."

मी पुढे गेलो. सगळं डोक्यात होतं. शाफ्टची लांबी, धुराचं तापमान, तो किती वाढेल आणि त्या वाढीचा दाब किती. मी भूपालकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"शाफ्ट तापतो," मी म्हणालो.

"बरं. पुढे?"

"तापला की…"

"की?"

मी थांबलो. कुणीतरी खोकलं.

"हेर्लेकर," सर अगदी मायेनं म्हणाले, "दूध तापतं, डोकं तापतं, शाफ्टही तापतो. तापल्यावर दूध काय करतं ते आम्हाला माहीत आहे. शाफ्ट काय करतो?"

पुन्हा हशा. 'वाढतो' एवढा एक शब्द बोलायचा होता. मी तो बोललो नाही. भूपालसाठी बोललो नाही, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. पण मी तसाही चारचौघांत बोलू शकत नव्हतो. त्या दिवशी ठरवून गप्प बसलो की जीभच उचलली नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

"माझं इतकंच," मी म्हणालो.

सर स्टुलावरून उतरले. माझ्या ड्रॉइंगपाशी गेले, आणि खालचा उजवा कोपरा, जिथे माझी सही होती तोच, त्यांनी सावकाश फाडला.

"वारला," ते म्हणाले. "पेढे."

मी पुडा सोडला. प्रत्येकासमोर जाऊन म्हणालो, "माझं चुकलं." टायपिस्टनं पेढा घेताना मान खाली घातली. स्टोअरकीपर म्हणाला, "असू दे हो, पेढे ताजे आहेत." सरांनी अर्धा मोडून घेतला. शेवटी भूपाल. त्याचे डोळे भरले होते. त्यानं पेढा घेताना माझी बोटं दाबली.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"खाऊन घे, मगदूम," सर मागून म्हणाले. "सावकाश. घाई नाही."

भूपालनं पेढा तोंडात टाकला. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. त्याचं चावून होईपर्यंत सर खरंच थांबले. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"बेअरिंगांची ऑर्डर बुधवारीच गेली. रिंगा एकाच टोकाच्या मागवल्यात. दुसरं टोक मोकळं. ह्या हेर्लेकरला जे बोलता आलं नाही, ते." त्यांनी पाकीट भूपालच्या हातात दिलं. "नोकरी टिकवायला जो चुकीचं बेअरिंग इतकं सुंदर पटवून देतो, तो माणूस मला परवडणार नाही."

भूपालच्या तोंडावर अजून हसू होतं. ते काढायचं त्याला सुचलं नव्हतं. "सर, तो पर्याय तुम्हीच दिला होता मला."

"हो. आणि तू घेतलास."

त्यानं पाकीट फोडलं. आतला कागद वाचला. पुन्हा वरपासून वाचला. "सर, ह्याच्यावर बुधवारची तारीख आहे."

"असेल."

"म्हणजे मी आज गप्प बसलो असतो… नाहीतर खरं बोललो असतो, तरी…"

"तरी."

"मग हे सगळं कशाला, सर?"

सरांनी वेलदोडा दुसऱ्या गालात घेतला. "शनिवार आहे ना, मगदूम."

मला वाटतं, मी तेव्हा 'सर' असं काहीतरी म्हणालो असेन, कारण ते माझ्याकडे वळले.

"तुला काळजी नको. तू राहणार आहेस. बरोबर काय ते माहीत असून न बोलणारा माणूस मिळत नाही सहसा." मग ते सगळ्यांकडे बघून म्हणाले, "एक टोक बांधायचं, एक मोकळं करायचं. शास्त्रीबुवांच्या पुस्तकात तसंच आहे ना?"

लोक हसले. हसलं नाही तर बरं दिसलं नसतं. मीही हसलो, असं टायपिस्ट नंतर म्हणाली. मला आठवत नाही.

भूपाल दाराकडे निघाला. सरांनी त्याला हाक मारली. "पुडा विसरलास. जिंकलास ना तू? घरी ने. नियम म्हणजे नियम."

तो परत आला. टेबलावरचा त्याचा न सोडलेला पुडा त्यानं उचलला, काखेत धरला आणि गेला.

पंखा उत्तम चालला. हे मला लिहायलाच हवं. टेंबे सरांनी निवडलेलं बेअरिंग कधी चुकलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही नाही. ते निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली राहिलो आणि जे शिकलो ते त्यांच्याकडूनच शिकलो. भूपालसाठी सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांतून सरांना फोन यायचे, कसा आहे म्हणून. फोन माझ्या टेबलाशेजारी होता. सर खरं तेच सांगायचे. "हुशार आहे. फार हुशार. फक्त चुकीचं खरं करून दाखवतो. बाकी तुम्ही बघा." पुढे फोन यायचे बंद झाले.

काही वर्षांनी त्याच पंख्याच्या तपासणीला मी नदीकाठच्या त्या साखर कारखान्यात गेलो. गळीत जोरात चाललं होतं. बॉयलरमागच्या धुळीत, खाकी कपड्यांतला एक माणूस तेलाचं डबडं घेऊन बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवून उभा होता, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. त्यानं वळून पाहिलं.

"आलास व्हय, शास्त्री?" भूपाल हसला. गाल आत गेले होते, हसणं तेच होतं. "हंगामी हाय मी हितं. हंगाम संपला की घरी."

मी बेअरिंगच्या घराकडे बघितलं.

"हात लाव की," तो म्हणाला. "लाव. बघ. कोमट. इतक्या हंगामांत एकदा तापलं न्हाई. लई चांगलं बेअरिंग निवडलंत, लगा." त्यानं माझा हात धरून तिथं टेकवला. आतून घरघर अशी शांत, सारखी येत होती. "मोकळ्या टोकाचं हे. सरकतंय बघ तापलं की. कळतंय का हाताला?"

"भूपाल, त्या दिवशी मी—"

"जा," तो म्हणाला. "आमचे साहेब बघत्यात. मला बोलताना बघितलं तर मलाच बोलतील."

त्यानंतर आमची भेट झाली नाही. तो गेल्याचं गेल्या महिन्यात त्याच्या भाच्यानं फोनवर कळवलं. मी जयसिंगपूरला गेलो. पद्मावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, तर त्यांनी लगेच ओळखलं.

"पेढ्यांचे तुम्ही," त्या म्हणाल्या.

मी समोरच्या सतरंजीवर टेकलो.

"त्या शनिवारी पुडा घेऊनच आले की ते. मी दारातच विचारलं, राहिली नव्हं नोकरी? तर नुसते हसले. मला वाटलं, आनंदानं बोलवंना झालंय. मी पुडा घेतला त्यांच्या हातातला, देवापुढं ठेवला आणि सगळ्या आळीत वाटून आले. पोटुशी होते, तरी जिने चढून वाटले. माझ्या मालकाची नोकरी टिकली म्हणून. ते खाटेवर बसून होते. मला थांबवलं न्हाई." त्यांनी पदरानं ओठ टिपले. "सोमवारी डबा भरून दिला. तो घेऊन गेले. संध्याकाळी आले. असं पंधरवडाभर. मग आळीतल्याच कुणीतरी मला सांगितलं. दोन दिवसांत मोकळी झाले मी. मुलगी होती. न्हाई राहिली."

बाहेर कुणीतरी चप्पल काढत होतं. वहिनींनी पदर सावरला.

"कुणाच्या मयताला गेले तरीबी लोक माझ्याकडं बघून म्हणायचे, हिनं पेढे वाटले होते," त्या म्हणाल्या. "त्यापायी आळी सोडली आम्ही."

परत आल्यावर मी जुना कॅटलॉग काढला. सरांचं पत्र वाचलं. मग पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "आजोबा, कार्ड? आता कोण लिहितंय कार्ड?" आणि ड्रॉवरच्या तळातून एक काढून दिलं.

मी तिथंच, गोंदाच्या बाटलीशेजारी उभा राहून लिहिलं. या वेळी एकही शब्द खोडावा लागला नाही.

'ती. टेंबे सरांस, कृ. सा. न. आपण मगदूमचा पत्ता विचारला होता. आता त्याला पत्ता नाही. नदीकाठच्या कारखान्यातलं मोकळ्या टोकाचं बेअरिंग अजून कोमट लागतं. आपला, हेर्लेकर.'

सर नव्वदीच्या घरात आहेत. कार्ड आधी त्यांच्या सुनेच्या हातात पडेल. त्या काळातली असेल तर ती वाचायच्या आधीच ओरडेल, आणि ते आतल्या खोलीतून विचारतील, कोण गेलं, कोण गेलं गं? तिला ते नाव माहीत नसेल. ती वाचून दाखवेल. हे करावं की करू नये, ते मला ठरवता आलं नाही. मला कधीच आलेलं नाही.

मी कार्डाचा कोपरा फाडला. सावकाश, सरांसारखा. आणि पेटीत टाकलं.

मुलीनं खिडकीतून मान बाहेर काढली. "आजोबा, आज टपाल निघून गेलं. सोमवारी जाईल. कशाला एवढी घाई केलीत?"

"शनिवार आहे ना," मी म्हणालो.